हलका ट्रायपॉड घेताय? मग आधी त्याच्या पायाचा सगळ्यात बारका भाग बघा

मागच्या पावसाळ्यापासून निदान पाच-सहा जणांनी हेच विचारलंय, की फिरायला न्यायला हलका ट्रायपॉड कुठला घेऊ, बजेट एवढं एवढं आहे, नाव सांग. नाव सांगायला काय जातंय, पण नुसत्या नावानं भागत नाही, तुम्ही कुठं जाणार, बसनं जाणार का गाडीवरनं, कॅमेरा कुठला, तुमची उंची किती, ह्याच्यावर सगळं असतंय. म्हणून एकदाच नीट लिहून टाकतो, पुढच्यानं विचारलं की हेच पाठवून देणार.

मी काय फोटोग्राफर नाही बरं का. बेळगावला उद्यमबागेत मशीन शॉपमध्ये दिवसभर पाईप, थ्रेड आणि टॉलरन्स ह्यातच जातो, रविवारी कॅमेरा उचलायचा आणि खानापूरकडं नाहीतर गोकाककडं सुटायचं, एवढंच. पण त्या धंद्यामुळं एक झालंय, ट्रायपॉड हातात घेतला की मला एकात एक घुसलेले पाईप दिसतात, आणि डब्यावर काय छापलंय त्यापेक्षा तो पाईप किती जाड आणि त्याचा जॉइंट किती खेळतोय हे आधी बघितलं जातंय. हे शहाणपण पण आपोआप नाही आलं, पैसे घालवून आलंय.

पहिला ट्रायपॉड मी ऑनलाइन घेतला, दोन हजाराच्या आत, एकदम हलका, डब्यावर लोड पाच किलो. माझा कॅमेरा आणि लेन्स मिळून सव्वा किलो पण नाही, म्हटलं चारपट झालं की, अजून काय पाहिजे. ऑगस्टात गोकाकला गेलो, घटप्रभा लाल भरून आलेली, 52 मीटरवरनं पाणी खाली पडतंय आणि त्याचे तुषार वाऱ्याबरोबर आपल्या तोंडावर. पाय पूर्ण उघडले, मधला दांडा पण वर काढला कारण पुढं रेलिंग आडवं येत होतं, आणि एक-एक सेकंदाचे चाळीसभर फोटो काढले. मागच्या स्क्रीनवर बघितलं तर काय भारी, पाणी एकदम दुधासारखं. घरी येऊन लॅपटॉपवर टाकलं तर चाळीसच्या चाळीस फोटोत दगडाच्या कडा डबल. पाणी हलायला पाहिजे होतं ते हललं, आणि दगड पण हलले! पुढच्या खेपेला तिथल्याच झुलत्या पुलावर लावून बघितला तर तिथं प्रश्नच मिटला, पुलावरनं एक माणूस चालत आला तरी अख्खी फ्रेम डुलायची, आणि ह्यात बिचाऱ्या ट्रायपॉडचा काय दोष नाही, झुलत्या पुलावर, लोखंडी जिन्यावर, रेल्वेच्या पादचारी पुलावर जगातला कुठलाही ट्रायपॉड काम देत नाही, हे लक्षात ठेवा.

तर पहिला मुद्दा. डब्यावरचा लोडचा आकडा म्हणजे कंपनीनं आपल्या आपण ठरवलेला आकडा असतोय, सगळ्यांनी एकाच पद्धतीनं मोजायचा असा काही कॉमन नियम नाही. कोण म्हणतंय आठ किलो, कोण म्हणतंय बारा, त्याचा अर्थ एवढाच की तेवढं वजन ठेवलं तर मोडून पडणार नाही. पण आपल्याला मोडायची भीती नसतीच, आपल्याला थरथरायची भीती असते. तरी आकडा बघायचाच असला तर आपल्या कॅमेरा-लेन्सच्या वजनाच्या तिप्पट तरी पाहिजे असं धरा, आणि मग तो विसरून पाईपकडं बघा.

पाईपचं गणित सांगतो, कंटाळू नका, सगळा खेळ इथंच आहे. पाईपच्या भिंतीची जाडी तीच ठेवून फक्त डायामीटर वाढवला तर त्याचा वाकायला होणारा विरोध साधारण डायामीटरच्या घनाच्या हिशोबानं वाढतो. म्हणजे 22 मिमीचा पाईप आणि 28 मिमीचा पाईप, बघायला सहा मिमीचा फरक, पण जाड पाईप दुप्पट ताठ. आता ट्रॅव्हल ट्रायपॉड घड्या घालून छोटा व्हायला पाहिजे म्हणून त्याच्या पायाचे चार नाहीतर पाच भाग करतात, आणि प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा साधारण तीन मिमी बारीक होत जातो. वरचा 25 असला तर चार भागांत खालचा शेवटचा 16 ला येतो आणि पाच भागांत 13 ला. 13 म्हणजे आपल्या हाताच्या करंगळीएवढा. आणि 16 च्या मानानं 13 चा ताठपणा जवळजवळ निम्माच. दुकानात सगळे वरच्या जाड पायाला हात लावून वा वा करतात, मी गुडघ्यावर बसून शेवटचा भाग बाहेर ओढतो आणि बोटात धरून बघतो. दुकानदाराला वाटतंय ह्याचं काय पडलं खाली.

त्यामुळं माझं मत सरळ आहे, पटलं तर घ्या. सायकलवर किंवा विमानात जायचं असेल आणि इंच इंच जागा वाचवायची असेल तरच पाच भागांचा घ्या, नाहीतर चार भागांचा. घडी पाच-सहा सेंटीमीटर लांब होते, होऊ दे. आपण जातोय एसटीनं नाहीतर मोटारसायकलीवरनं, तिथं 35 सेंमी आणि 41 सेंमीत काय फरक पडतोय, बॅगेच्या साईडच्या खिशात दोन्ही बसतात.

आता उंची. लोक म्हणतात सहा फुटाचा पाहिजे. कशाला? हिशोब करू. तुम्ही साडेपाच फूट, म्हणजे 168 सेंमी, तुमचा डोळा साधारण 155 ला. कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडर, म्हणजे डोळा लावायची खिडकी, प्लेटपासून (कॅमेऱ्याखाली लावायची पट्टी) आठेक सेंमी वर असतो आणि बॉल हेड, म्हणजे पायांवर बसणारं, कॅमेरा हवा तसा वळवून घट्ट करायचं गोळ्याचं डोकं, नऊ-दहा सेंमीचं. म्हणजे नुसते पाय 137-138 सेंमी झाले की वाकायला पण लागत नाही. आणि आता बहुतेक मिररलेसला स्क्रीन उलगडते, मग 125-130 असलं तरी चालतंय. फक्त एक बघा, कंपन्या उंची लिहितात ती मधला दांडा पूर्ण वर काढून लिहितात. तो दांडा वर काढला की तुमच्याकडं ट्रायपॉड राहिला नाही, तीन पायांवर उभी केलेली एक काठी राहिली, आणि गोकाकला माझं नेमकं तेच झालं होतं. म्हणून स्पेसिफिकेशनमध्ये दांडा न काढता किती ते शोधा, बारीक अक्षरात कुठंतरी असतंय. उदाहरण द्यायचं तर पीक डिझाईनचा ट्रॅव्हल ट्रायपॉड, पूर्ण उंची 152 सेंमी पण दांडा खाली ठेवून 130. मॅनफ्रोट्टोचा बीफ्री ॲडव्हान्स्ड घडी घातल्यावर 40 सेंमी, वजन दीड किलोच्या जरा आत, पूर्ण उंची 150. म्हणजे चांगले ट्रॅव्हल ट्रायपॉड ह्याच पट्ट्यात येतात, कोण दोन हजारात एक किलोचा, सहा फुटी आणि दणकट ट्रायपॉड देतो म्हणाला तर ह्या तीनपैकी एक तरी गोष्ट खोटी आहे असं समजा.

ॲल्युमिनियम का कार्बन फायबर, ह्यावर आमच्यात लई वाद होतात. त्या पीक डिझाईनचाच ॲल्युमिनियमवाला 1.56 किलो आणि कार्बनवाला 1.27, म्हणजे फरक 290 ग्रॅम, आणि किमतीतला फरक मात्र खिशाला चांगलाच जाणवतो. कार्बनचा खरा फायदा माझ्या मते वजनात कमी आणि थरथर लवकर मुरण्यात जास्त, शिवाय पहाटे थंडीत हाताला बर्फासारखा लागत नाही. तोटा असा की दगडावर एका जागी जोरात आदळला तर तडकू शकतो, ॲल्युमिनियम वाकतं, पोचा येतो पण घरी आणतं. माझा एक दोस्त मला म्हणायचा, "मर्दा, तू 290 ग्रॅम वाचवायला एवढे पैसे घालायलास, त्यापेक्षा आठवडाभर कुंदा बंद कर की." कुंदा म्हणजे आमची बेळगावची मिठाई. पटलं. म्हणजे कुंदा बंद नाही केला, ॲल्युमिनियमचा घेतला. पैसे वाचले तर ते हेडवर घाला, कारण चांगल्या पायांवर फालतू हेड म्हणजे चांगल्या लेथवर ढिला चक.

हेड बघताना एकच टेस्ट. कॅमेरा लावा, फ्रेममध्ये समोरच्या भिंतीवरचं घड्याळ नाहीतर कॅलेंडर बरोब्बर मधोमध घ्या, नॉब घट्ट करा आणि हात काढा. हात काढल्यावर फ्रेम खाली बसली, की ते हेड तिथंच ठेवा. थोडीशी बसतीच बहुतेक हेडांत, पण डोळ्याला दिसेल एवढी बसत असेल तर जड लेन्स लावल्यावर तुम्ही दर फोटोला आधी वर, मग लॉक, मग परत वर असं करत बसणार. बॉल तीसेक मिमीचा असावा, त्याच्या खालचे शोभेचे. प्लेट आर्का टाईपची (आर्का-स्विस कंपनीच्या मापाची) घ्या, 38 मिमी रुंदीची ती सगळीकडं चालते, हरवली तर दुसरी मिळते, माझ्या पहिल्या ट्रायपॉडची प्लेट त्याच्या त्याच्याच मापाची होती, प्लास्टिकची, ती तडकली आणि तेवढ्यासाठी अख्खा ट्रायपॉड माळ्यावर गेला. प्लेटच्या खालच्या स्क्रूला घडीची कडी असली तर उत्तम, नाहीतर एक रुपयाच्या नाण्यानं तरी फिरला पाहिजे. कॅमेऱ्याखालचा स्क्रू पाव इंची असतो आणि पायांवर हेड बसतं तो बहुतेक 3/8 इंची, म्हणजे नंतर हेड बदलता येतंय, पण घेताना हेड सुटं होतं का ते विचारा, स्वस्तातल्यात पाय-हेड एकजीव असतात.

पायाचे भाग घट्ट करायचे लॉक दोन प्रकारचे, फिरवायचे आणि फटकन उघडायचे. फटकन उघडायच्याला लांबूनच कळतंय उघडा का बंद, पण झुडपात अडकतात आणि त्यांचा स्क्रू अधनंमधनं आवळावा लागतो. फिरवायचे बारीक, गुळगुळीत, बॅगेत अडकत नाहीत, पण एखादा आवळायचा राहिला की कॅमेरा सावकाश एका बाजूला नमस्कार घालतो. मी फिरवायचे वापरतो आणि उघडताना कायम वरनं खाली, बंद करताना खालनं वर, हा क्रम मोडत नाही. अंधारात हाताला सवय पाहिजे. एप्रिलात कणकुंबीकडं आकाशगंगा काढायला पहाटे तीनला उभं राहिलात की कळतंय, टॉर्च लावली तर बरोबरचे शिव्या घालतात. तिथं शटर वीसेक सेकंद उघडं असतंय, आणि वीस सेकंदात एक पाय दोन मिमी सरकला तर तारे म्हणजे शेवया.

आता सगळ्यात महत्त्वाचं, दुकानात काय करायचं. ऑनलाइन घेतलात तर परत करायच्या मुदतीत घरीच करा. सगळे पाय पूर्ण उघडा, दांडा खाली, तुमचाच कॅमेरा आणि तुमच्याकडची सगळ्यात लांब लेन्स लावा. लाईव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवर थेट दिसणारं चित्र) चालू करून समोरच्या बोर्डावरचं एखादं अक्षर फुल झूम करा. आता एका पायावर, मधल्या जॉइंटच्या जरा वर, बोटानं टिचकी मारा, जशी कलिंगडाला मारतो तशी. स्क्रीनवर अक्षर नाचायला लागेल. मनात मोजा. एक, दोन, म्हणेपर्यंत थांबलं तर चांगला. चार-पाच झाले तरी नाचतंयच, तर तो मोबाईलसाठी ठीक आहे, कॅमेऱ्यासाठी नाही. मग शेवटचा बारका भाग आत ढकला आणि परत टिचकी. बऱ्याच वेळा थरथर एकदम निम्म्यावर येते. आली ना, तर समजून जा की तो शेवटचा भाग फक्त अडीनडीला उघडायचा, आणि तो न उघडता उंची तुम्हाला पुरते का ते बघा. मी शेवटी जो घेतला तो असाच निवडला, गणपत गल्लीच्या आसपासची दोन दुकानं फिरून, एका दुकानात मी टिचक्या मारतोय बघून मालक म्हणाले, "काय वाजवून बघायलासा, मडकं हाय काय ते?" पण करू दिलं, आणि चहा पण सांगितला.

सेकंड हँड मिळत असेल तर सोडू नका, लग्नाच्या ऑर्डरी करणारे कितीतरी जण नवीन घेतात आणि जुना देऊन टाकतात. फक्त प्रत्येक पाय बाहेर काढून डोळ्यापुढं बंदुकीसारखा धरून सरळ आहे का बघा, काचेच्या काउंटरवर तो भाग लोळवला तर वाकलेला लगेच लंगडतो.

वापरायचं म्हटलं तर जाड भाग आधी उघडायचा, बारका शेवटी. एक पाय लेन्सच्या दिशेला पुढं, म्हणजे जड लेन्सनं तोंडावर आपटत नाही. उतारावर दोन पाय खालच्या अंगाला आणि एक वर. राजहंसगडावर वारा काय असतोय ते गेलेल्याला सांगायला नको, तिथनं रात्री बेळगावचे दिवे काढायचे तर कॅमेऱ्याचा पट्टा काढून खिशात घाला, तो पट्टा शिडासारखा फडफडतो आणि सगळं हलवतो. मधल्या दांड्याला खाली हुक असेल तर बॅग लटकवा, पण लोंबकळती नको, जमिनीला जरा टेकेल अशी, नाहीतर बॅगच लंबकासारखी झुलते आणि बरं करायला जाऊन वाईट. दोन सेकंदाचा टायमर लावा, बटण दाबायचा धक्का त्यात मुरतो. लेन्स किंवा बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे हात हलला तरी फोटो सावरणारी सोय, ट्रायपॉडवर बंद करा, काही कॅमेरे आपलं आपण ओळखतात पण बंद केलेलं बरं. आंबोलीला पावसाळी रात्री बेडूक शोधायला जाणारे असाल तर पाय किती पसरतात आणि दांडा काढता येतो का हे आधी बघा, बेडूक काय पाच फुटावर येऊन बसत नाही.

मोबाईलवरच फोटो काढत असाल तर हे सगळं वाचायची गरजच नव्हती, एक चांगला क्लॅम्प आणि अर्ध्या किलोचा छोटा ट्रायपॉड बास.

कुठं लावायचा ह्याचं पण जरा भान ठेवा. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्ती ह्या जैन मंदिरासारख्या पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत हातातल्या कॅमेऱ्याला कोण काय म्हणत नाही, पण ट्रायपॉड लावायला परवानगी लागते. कॅम्पात मिलिटरीच्या हद्दीत तर काढूच नका बॅगेतनं. जांबोटी-खानापूरच्या जंगलातल्या धबधब्यांना वनखात्यानं अडवलं तर वाद न घालता मागं फिरायचं. आणि दूधसागरला रुळांवरनं चालत जाणं बंद आहे, ट्रायपॉड घेऊन रुळात उभं राहायचं तर डोक्यात पण आणू नका. बाकी एसटीत वरच्या रॅकवर टाकला तर काही नाही, एकदा फक्त कंडक्टरनं पिशवीचा आकार बघून विचारलं, "एन्री इदु?", म्हणजे कन्नडात हे काय हो? कॅमेऱ्याचं स्टँड री म्हटल्यावर त्यानं स्वतःचाच फोटो काढून घेतला. विमानानं जायचं असेल तर खालचे लोखंडी काटे काढून चेक-इनच्या बॅगेत टाका, आत घेऊ देतील का नाही हे सिक्युरिटीवाल्याच्या मनावर.

आणि आणला घरी म्हणजे झालं नाही. खानापूरची तांबडी माती म्हणजे बारीक पॉलिश पेपर, लॉकच्या थ्रेडमध्ये बसली की दर वेळी फिरवताना घासतच राहते, करकर आवाज आला की समजायचं. मी एकदा हुशारी केली, शॉपमधलं बेअरिंगचं ग्रीस आणून सगळ्या जॉइंटला आत-बाहेर फासलं. आवाज गेला, आणि पुढच्या रविवारी कॅमेरा लावला तर लॉक कितीही आवळा, पाय आपला हळूहळू आत शिरायला लागला. झालं असं की पाईपला पकडणारी आत जी प्लास्टिकची चकती असते तिला पण मी ग्रीस लावलं होतं, आणि तिचं कामच घासून धरायचं! म्हणजे ब्रेकला तेल लावलं. ग्रीस लावायचं तर फक्त थ्रेडला आणि बोटाच्या टोकावर येईल एवढंच, चकती आणि पाईप कोरडे. बाकी सोपं आहे, घरी आलो की पाय पूर्ण उघडून साध्या पाण्यानं धुवायचे, मालवण-वेंगुर्ल्याला खाऱ्या पाण्यात घातला असेल तर त्याच रात्री, उद्यावर टाकायचं नाही. मग लॉक ढिले ठेवून, उघडाच, रात्रभर वाळू द्यायचा, ओला बंद केला की आत ओल कोंडून राहते. सोबत आलेली ॲलन की (सहा कोनी चावी) फेकू नका, हेड आणि पायाचे बोल्ट प्रवासात ढिले होतात, मी ती प्लेटच्या खाली रबर बँडनं बांधून ठेवलीय. आमच्या घरी पावसाळ्यातले चार महिने गॅलरीत कपड्यांच्या शेजारी तीन तंगड्या पसरून ट्रायपॉड उभा असतो, आणि आई दर सोमवारी विचारते, हे वाळलं का, का अजून एक ऊन द्यायचं.